डबकं उपलब्ध असावं

शाळेच्या फाटकासमोरचं डबकं शाळेइतकं जुनं नव्हतं, पण शाळेपेक्षा प्रसिद्ध होतं. रिक्षावाल्याला शाळेचं नाव सांगितलं तर तो डोकं खाजवायचा. ‘डबक्यापाशी’ म्हटलं की लगेच निघायचा. मुलं ते उडी मारून ओलांडत, शिक्षक मध्ये टाकलेल्या विटांवरून जात आणि गाडीतून येणारे पालक ते इतरांच्या अंगावर थोडं थोडं वाटत पुढे जात. प्रत्येकाने आपापला उपाय शोधलेला असल्यामुळे तक्रार करायला कोणी शिल्लक राहिलं नव्हतं.

फक्त एक आजी राहिल्या होत्या. सातवीतल्या एका मुलीला घ्यायला त्या रोज फाटकापर्यंत येत. एके दिवशी विटेने दगा दिला आणि आजी भर रस्त्यात, भर दुपारी, भर पाण्यात बसल्या. हात प्लॅस्टरमध्ये गेला. हात यथावकाश जुळला, पण आजींनी जी हाय खाल्ली ती खाल्लीच. “आता त्या फाटकाचं तोंड बघायची नाही मी,” असं म्हणून त्यांनी खिडकीतली खुर्ची धरली, ती सोडायचं नाव घेईनात. एरवी दिवसभर बोलणारी बाई, आता दुपारी घड्याळाकडे बघत गप्प बसायची.

नातीला हे बघवेना. या नातीला सगळी शाळा खुडबुडी म्हणायची, कारण तिच्या हाती लागलेली कुठलीही वस्तू पुन्हा मूळ अवस्थेत मिळत नसे. तिने विज्ञानाच्या बाईंना गाठलं.

“बाई, फाटकासमोरचं पाणी खरं तर कुठं जायला हवं?”

“गटारात.”

“मग जात का नाही?”

“तुंबलं असेल.”

“कशानं?”

प्रश्न अभ्यासक्रमाबाहेर चालला होता. बाई स्वभावाने भित्र्या, पण मनाने चांगल्या. त्यांना तपासायच्या वह्यांचा ढीग दिसत होता. मुलीला वाटेला लावायचं म्हणून त्या बोलून गेल्या, “जा, बघून ये.” इतक्या वर्षांच्या नोकरीत विज्ञान शिकवताना हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं.

खुडबुडी गेली आणि तिने बघितलं. मोडक्या छत्रीची काडी वाकवून तिने गटाराच्या तोंडातून एकेक ऐवज बाहेर काढला: अर्धा ज्वालामुखी, पवनचक्कीचं एक पातं, कड्यासकट एक ग्रह आणि ‘आमचे स्वच्छ गाव’ अशी पाटी असलेलं एक अख्खं गाव. सगळं थर्माकोलचं. दरवर्षी विज्ञान प्रदर्शन संपलं की शिपाईमामा सगळी मॉडेल्स झाडून फाटकाबाहेर लोटत. पुढची सोय ती ज्ञानसंपदा स्वतःच करत असे. गाव निघालं तसं गटाराने मोठ्ठा ढेकर दिला आणि पाणी निघून गेलं. संध्याकाळी तिथे रस्ता होता. कित्येक मुलांनी तो पहिल्यांदाच पाहिला.

आजींचा मात्र विश्वास बसेना. “असं कसं जाईल? एवढी वर्षं कुणाला जमलं नाही ते,” त्या म्हणाल्या. मग नातीचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी अट घातली: “ते तुमचं कसलं विज्ञान प्रदर्शनाचं बक्षीस असतं ना, त्याच्या दिवशी येईन मी. पण डबकं दिसलं, तर तिथूनच परत फिरेन. सांगून ठेवते.”

आणि नेमकं त्याच आठवड्यात यंदाच्या प्रदर्शनाचं परिपत्रक आलं. ‘समाजाच्या समस्यांवर विज्ञान व तंत्रज्ञानाद्वारे उपाय’ या विषयावर शहरातल्या सगळ्या शाळांची स्पर्धा, आणि यजमानपद याच शाळेकडे. हेडसरांनी बाईंना बोलावलं. “आपल्याकडून काहीतरी समाजाचं हवं, बाई. पण स्वस्तातलं.”

बाईंनी मोठ्या उत्साहाने खुडबुडीची सगळी हकीकत सांगितली. हेडसरांचा चेहरा आधी खुलला, मग ते उठून खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ बाहेर बघत राहिले. परत आले तेव्हा आवाज बदलला होता.

“डबकं कुठंय?”

“गेलं ना, सर. तेच तर सांगतेय.”

“कोणाच्या परवानगीनं?”

त्यांनी परिपत्रक पुढे सरकवलं. नियम स्वच्छ होता: ‘समस्या स्थानिक, जिवंत व परीक्षणाच्या दिवशी जागेवर उपलब्ध असावी.’ खाली गुणांची विभागणी होती. समस्येच्या गांभीर्याला चाळीस, सादरीकरणाला चाळीस, मॉडेलच्या सजावटीला पंधरा आणि उरलेले पाच उपायाला.

“पण सर, समस्या सुटली.”

“सुटली म्हणजे वाया गेली, बाई! एवढी चांगली, फाटकासमोरची समस्या. परीक्षकांना चालत यायचेही कष्ट नव्हते. दुसरी एखादी आहे का जवळपास?”

“आहेत, सर. पण त्या आपल्याच्यानं सुटणाऱ्या नाहीत.”

“मग उत्तमच की! पण फाटकासमोर तर नाहीत ना? ते काही नाही, डबकं परत आणा.”

मुख्य परीक्षक म्हणून नगरपालिकेचे अभियंते साहेब येणार होते. हेडसरांनी त्यांना फोन लावून, जरा चाचरतच, अडचण कानावर घातली. साहेबांनी धीर दिला. “घाबरू नका. तुमच्या डबक्याची कुणीतरी फार वर्षांपूर्वी केलेली तक्रार आमच्याकडे अजून प्रलंबित आहे. म्हणजे कागदोपत्री डबकं कुठंच गेलेलं नाही. तुम्ही फक्त पाणी भरा.”

पाणी भरणं सोपं होतं. शिपाईमामांनी टाकीचा पंप चालू ठेवला, टाकी ओसंडली, पाणी फाटकाबाहेर आलं आणि सरळ गटारात गेलं. पुन्हा भरलं, पुन्हा गेलं. एवढी चालू स्थितीतली सार्वजनिक यंत्रणा बघायची कोणाला सवय नव्हती. मामा हात जोडून म्हणाले, “बाई, ह्याचं तोंड बंद केल्याशिवाय काय खरं नाही.”

तोवर ‘डबकेमुक्त रस्ता’ या भव्य मॉडेलचं काम जोरात होतं. त्यातून उरलेला थर्माकोल भरपूर होता. बाईंनी एक गठ्ठा जुन्या टेबलक्लॉथमध्ये बांधला, फाटकाबाहेर नेला आणि इकडे तिकडे बघत गटाराच्या तोंडात कोंबला. समस्या पुन्हा कार्यान्वित झाली. हेडसरांनी खिडकीतून शाबासकीचा अंगठा उंचावला.

खुडबुडी मागे उभी होती. तिचे डोळे भरून आले होते.

“बाई, परवा आजी येणार आहे.”

“अगं, सकाळी साहेब बघतील की लगेच काढू आपण. आजी येईपर्यंत रस्ता कोरडा.” बाईंना स्वतःलाच पटेना, म्हणून त्यांनी विज्ञानाची मदत घेतली. “प्रयोगात आपण मीठ विरघळवतो आणि परत मिळवतो ना? तसंच समज.”

“पण मिठात कोणी पडत नाही, बाई.”

त्या रात्री बाई नीट जेवल्या नाहीत. नवऱ्याने विचारलं तर म्हणाल्या, पोट तुंबलंय.

स्पर्धेचा दिवस उजाडला. हॉलमध्ये टेबलं लागली. टेबल सोडलं तर गुण कापणार, असा नियम असल्यामुळे खुडबुडी मॉडेलमागे खिळल्यासारखी उभी होती आणि मान लांब करून खिडकीबाहेर बघत होती. साहेब सकाळी येणार होते, ते जेवायच्या वेळेला आले आणि जेवून मगच कामाला लागले. पहिल्याच टेबलापाशी ते रमले. तिथे दुसऱ्या एका शाळेतली टाय लावलेली चुणचुणीत मुलगी ‘डबकासूचक’ नावाचं ॲप घेऊन उभी होती. शहरातलं प्रत्येक डबकं फोनवर लाल ठिपका होऊन दिसायचं, खोलीसकट, आणि ॲप माणसाला लांबच्या रस्त्याने सुखरूप नेऊन सोडायचं.

“वा!” साहेब म्हणाले. “म्हणजे रस्त्याला हात लावायचीच गरज नाही! आणि माहिती कुठून घेतलीस?”

“तुमच्याच प्रलंबित तक्रारींमधून, सर.”

साहेबांना गहिवरून आलं. आपल्या खात्याचं काम कोणाच्या तरी उपयोगी पडलेलं ते प्रथमच बघत होते.

“आणि एखादं डबकं आटलं तर?” बाईंनी मागून हळूच विचारलं.

“तो पर्याय पुढच्या आवृत्तीत देणार आहोत,” मुलगी म्हणाली.

बाईंनी घड्याळ बघितलं, आजींची यायची वेळ झाली होती. त्या जवळजवळ धावतच फाटकाशी आल्या. डबक्याच्या पलीकडे आजी उभ्या होत्या. चापूनचोपून विंचरलेले केस, हातात नवी काठी, इस्त्रीचे कपडे. त्या पाण्याकडे बघत होत्या, आणि एका हाताने दुसऱ्या हाताचं, मोडून जुळलेलं मनगट चोळत होत्या.

“बाई, नात म्हणाली होती डबकं गेलं म्हणून,” आजी पलीकडून म्हणाल्या. “माझी नात खोटं बोलत नाही हो.”

“नाही बोलत, आजी.”

“मग हे काय आहे?”

बाईंच्या डोक्यात परिपत्रकातले सगळे शब्द फिरले. त्यातला त्यात बरा होता तो त्यांनी उचलला. “हे सादरीकरण आहे.”

“असं होय.” आजींनी समजूतदारपणे मान हलवली. “मग सादरीकरण ओलांडून कसं यायचं?”

आजींनी हॉलच्या दिशेने एकदा बघितलं आणि सावकाश पाठ फिरवली. ती पाठ बघून बाईंना भडभडून आलं. आयुष्यभर त्यांनी वरून आलेलं प्रत्येक पत्रक पाळलं होतं, सुट्टीच्या दिवशी झाडं लावली होती, शाळेच्या वेळात जनावरं मोजली होती, आणि कधी चकार शब्द काढला नव्हता. आज मात्र त्या नव्या चपलांसकट पाण्यात उतरल्या. कोपरापर्यंत हात गटारात घातला आणि टेबलक्लॉथचं टोक धरून जीव खाऊन ओढलं.

“आजी, थांबा! एक मिनिट थांबा!”

गटार गुडगुडलं. हेडसर वरच्या खिडकीतून ओरडले आणि धावत खाली आले. “बाई, काय करताय! साहेब इकडेच निघालेत! अहो, समस्या धरून ठेवा!”

पण समस्या आता धरण्यापलीकडे गेली होती. साहेब फाटकात पोचले तेव्हा तिथे ओला रस्ता, चिखलाने माखलेल्या बाई आणि काठी टेकत ऐटीत फाटकातून आत शिरणाऱ्या आजी, एवढंच उरलं होतं.

“समस्या कुठंय?” साहेबांनी विचारलं.

“आत्ता इथंच होती, साहेब,” हेडसर काकुळतीला येऊन म्हणाले.

साहेबांनी डोळे बारीक केले. “मला वाटतं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय.”

“हो साहेब,” बाई म्हणाल्या. “गटारात.”

निकाल जागच्या जागी लागला. ‘समस्येअभावी प्रवेशिका बाद.’ शिवाय प्रलंबित तक्रारीची परस्पर विल्हेवाट लावल्याबद्दल बाईंकडून खुलासा मागण्यात आला, आणि असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून शाळेला समज देण्यात आली. आत हॉलमध्ये खुडबुडीने आजीला बघितलं आणि नियम झुगारून टेबल सोडलं. गुण कापायला आता शिल्लकही नव्हते. आजींनी मॉडेलचा तो पांढराशुभ्र, झाडांच्या रांगा लावलेला रस्ता चष्मा वर करून न्याहाळला आणि विचारलं, “ह्यात मी कुठंय गं?”

“तू इथं आहेस ना,” खुडबुडी म्हणाली आणि तिने आजीचा हात घट्ट धरला. बाईंना इतका आनंद झाला की हात धुवायचंही त्यांना सुचलं नाही.

पहिलं बक्षीस अर्थातच डबकासूचकला मिळालं. नगरपालिकेने ते लगेच सगळ्या शहरासाठी खुलं केलं. फाटकासमोरची तक्रार अजून प्रलंबित आहे, त्यामुळे तो रस्ता ॲपवर आजही लालभडक दिसतो, खोली गुडघाभर. बाईंनी दुरुस्तीसाठी अर्ज केला, तेव्हा डबकं नसल्याचा पुरावा म्हणून डबक्याचा फोटो जोडा, असं उत्तर आलं.

आजी आता रोज दुपारी येतात. रस्त्याच्या अगदी मधून, काठी हलवत, नातीशी गप्पा मारत जातात. मागून हॉर्न नाही, पुढून गाडी नाही. एवढा कोरडा आणि मोकळा रस्ता अख्ख्या शहरात दुसरा नसेल. तुम्हाला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. तुम्ही फोनवरचा लाल ठिपका बघून अलीकडेच वळता, शहराला अर्धा वळसा घालून उशिरा घरी पोचता, जिन्यात दम खात त्या मेल्या डबक्याच्या नावाने बोटं मोडता, आणि मग खुर्चीत टेकून, आपण भिजलो नाही या समाधानात, ॲपला पाच तारे देता.