बबनला 'कुठं' विचारू नका

"समस्त ग्रामस्थ बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, उद्या सकाळी आपल्या गावचे बबनभाऊ ठोंबरे हे मित्रमंडळींसह जीपने नेपाळ या परदेशास प्रस्थान ठेवत आहेत. तरी भाऊंची गाडी कशेळ्यास पोचून भाऊंचा पहिला चहा होईपर्यंत कोणीही, कोणत्याही कारणास्तव, त्यांना 'कुठं चाललाव' असं विचारू नये. अगदीच राहवलं नाही तर 'लांब का?' असं विचारावं. मुलांना समजावून सांगावं. म्हाताऱ्यांना दोनदा सांगावं."

हे निवेदन रघूच्या टेंपोवरच्या भोंग्यातून गावातल्या सगळ्या आळ्यांमध्ये झालं. मजकूर माझा, आवाज रघूचा आणि शोभा बबनची. पण बबनला त्यात शोभा वगैरे काही वाटली नाही. तो पडवीत बसून समाधानानं मान डोलवत होता. म्हाताऱ्यांच्या वाक्याला तर त्यानं मांडीवर थाप मारली.

बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारू नये, हे तुम्हीही लहानपणी ऐकलं असेल. आपण ऐकतो आणि सोडून देतो. बबननं त्याचा कायदा केला. कोणी 'कुठं' विचारलं की त्याचा प्रवास मोडतो. "मोडला," असं तो न्यायाधीशासारखं जाहीर करतो, गाडी वळवून घरी येतो, चपला काढतो, पडवीतल्या बाकावर पाच मिनिटं बसतो, गुळाचा खडा तोंडात टाकून तांब्याभर पाणी पितो आणि मग नव्यानं निघतो. हा कायदा पहिला चहा होईपर्यंत लागू असतो. एकदा बाहेरचा चहा पोटात गेला की मग कोणीही काहीही विचारावं, शकुनाला धक्का लागत नाही. हे पोटकलम कुठून आलं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "अनुभवातून."

या कायद्यापायी त्यानं एस्टी जवळजवळ सोडली आहे. कंडक्टरचा धंदाच तो प्रश्न विचारण्याचा. नाइलाजानं चढलाच तर फूटबोर्डवर एक पाय असतानाच "एक कर्जत" असं एवढ्या जोरात ओरडतो की पुढच्या बाकावरच्या बायका पिशव्या छातीशी धरतात. मुलानं त्याला मोबाइलमध्ये नकाशा टाकून दिला. पहिल्यांदाच उघडला, तर वरच्या पट्टीत 'कुठे जायचे आहे?' बबननं फोन बंद केला, घरी आणला आणि बाकावर स्वतःशेजारी पाच मिनिटं ठेवला. पाणी तेवढं पाजलं नाही.

चौकच्या नाकाबंदीचा प्रसंग तर खालापूर तालुक्यात अजून सांगतात. बबन लग्नाला पनवेलला निघाला होता. चहा व्हायचा होता. हवालदारानं काचेवर टकटक करून विचारलं, "कुठं निघालात?" बबननं सुस्कारा टाकला, "मोडलात सायेब," म्हणाला आणि जीप गर्रकन माघारी वळवली. नाकाबंदी पाहून गाडी पळते आहे म्हटल्यावर हवालदार मोटारसायकलवरून मागे. थेट बबनच्या अंगणापर्यंत. येऊन बघतो तर आरोपी बाकावर बसून गूळ खातोय. मंदावहिनींनी, म्हणजे बबनच्या बायकोनं, दुसरा तांब्या हवालदाराच्या हातात दिला. त्यानं जीप उलटीसुलटी तपासली, गूळ खाल्ला आणि निघाला. तो मोटारसायकलला किक मारत असताना बबननं पडवीतून अदबीनं विचारलं, "लांब का, सायेब?"

आता नेपाळचं सांगतो. आम्ही चौघं शाळेपासूनचे. मी कर्जतला दुकान चालवतो, दिघे रसायनीच्या कारखान्यात पाळ्या करतो, रघू पळसदरीच्या फार्महाउसवाल्यांना जेवण पुरवतो आणि बबन इथे शेती करतो. पावसाळा सरला, हवा धुतल्यासारखी झाली की एकदा जीपनं कशेळं-मुरबाडवरून नाशिक, तिथून वर वर जात नेपाळ गाठायचं आणि बर्फाचे डोंगर बघायचे, हे आमचं ठरून कैक वर्षं झाली. अडचण भाताची. बबनचं हळवं भात दसऱ्याच्या आसपास कापून होतं आणि गरवं पिकायला अजून अवकाश असतो. या दोन कापण्यांच्या मधल्या फटीतून आम्हाला नेपाळला जाऊन यायचं असे. गाडी बबनची, कागद त्याच्या नावावर आणि घाटात त्याच्याशिवाय कोणाच्या हाती स्टिअरिंग द्यायची आमची छाती नाही. म्हणजे बबन हलला तर नेपाळ.

एका वर्षी परतीच्या पावसानं भात आडवं केलं. एका वर्षी रघूच्या मुलीचं लग्न ठरलं. आणि गेल्या वर्षी? गेल्या वर्षी सगळं जुळून आलं होतं. भल्या सकाळी जीप सुरू झाली आणि दारातूनच मंदावहिनींनी विचारलं, "अवो, कुठं चाललाव?" मोडला. गूळ, पाणी. पुन्हा निघालो, तर विहिरीजवळ येसूकाका. मोडला. मग दूधवाला. मग शाळेचे गुरुजी. मग पुन्हा येसूकाका, कारण मघाशी विचारल्याचं ते विसरले होते. ऊन डोक्यावर आलं तरी आम्ही गावातच. शेवटी बबननंच जाहीर केलं की आजचा दिवस गेला, आणि उद्या अमावास्या. दिघ्यानं मिनतवारीनं मिळवलेली रजा घरी सिमेंटच्या पत्र्यांवरचं शेवाळ खरवडण्यात घालवली. या वर्षी त्यानं आधीच बजावून ठेवलं होतं की साहेबांसमोर पुन्हा नेपाळचं नाव काढायला त्याला तोंड उरलेलं नाही. यंदा नाही तर कधीच नाही.

म्हणून तो भोंगा.

भोंगा फिरून आला तेव्हा आम्ही पडवीत सामान बांधत होतो. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. बबनला चेव चढला. आम्हा सगळ्यांदेखत तो त्यांना म्हणाला, "ऐकलंस ना? गावाची भीती नाय मला. भीती तुजी हाय. उद्या तोंडाला कुलूप लाव."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं आणि कुलूप त्याच क्षणी लावलं. रात्रीचं जेवण मुक्यानं वाढलं. सकाळी आम्ही जमलो तर चहाही नाही, कारण पहिला चहा कशेळ्याला. त्यांनी जीपला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, बबनच्या तळहातावर दही घातलं. सगळं शिस्तीत आणि मुकाट्यानं. भाकऱ्यांचं गाठोडं त्यांनी नवऱ्याच्या हातात न देता दिघ्याच्या मांडीवर ठेवलं आणि आत जाऊन सुपात तांदूळ घेऊन बसल्या.

बाहेर गावानं तर कमाल केली होती. रघूचा भोंगा जरा जास्तच मनावर घेतला होता. रस्त्याच्या कडेला माणसं हात जोडून गप्प उभी. पोरांची बोटं ओठांवर. येसूकाकांच्या सुनेनं त्यांच्या तोंडाला पंचा गुंडाळून त्यांना खाटेवर बसवलं होतं आणि त्यांचे नुसते डोळे विचारत होते. नेपाळला चाललोय की आम्हालाच कोणी पोचवायला चाललंय, ते कळेना.

"झकास," दिघे म्हणाला. "चल, टाक गियर."

जीप फाटकापर्यंत गेली आणि थांबली. पाकीट राहिलं म्हणून बबन उतरला. आला. पुन्हा बसला, पुन्हा उतरला. चष्मा राहिला होता. चष्मा त्याच्या कपाळावर होता, हे रघूनं दाखवून दिलं, तर म्हणाला की हा नव्हे, दुसरा. दुसरा चष्मा त्याच्याकडे कधीच नव्हता. मग विजेरी. विजेरी घेऊन आला तर ती त्याच्या खिशातल्या पहिल्या विजेरीला लागून वाजायला लागली.

दिघ्यानं हॉर्नवर तळवा दाबून धरला. मी म्हटलं बघू तरी, आणि चौथ्या खेपेला बबनच्या मागोमाग आत गेलो.

बबन काहीही शोधत नव्हता. तो ओटीवर, वहिनींच्या समोर उभा राहून किल्ल्या खुळखुळवत होता. घसा खाकरला. मला उद्देशून, पण शेजारच्या गावी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चला, निघायचं मंग. लय लांब जायचंय." वहिनींनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. तांदळावरची नजर काही वर झाली नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि इतकी वर्षं तो पडला नव्हता याचं नवलही वाटलं. मंदावहिनी विसरभोळ्या नाहीत. त्यांच्या लग्नात मी कुठल्या रंगाचा सदरा घातला होता आणि किती जिलब्या उडवल्या होत्या, हे त्या आजही सांगतात. मग नवरा निघाला की नेमका तोच प्रश्न विचारायची चूक त्या लग्नापासून रोज कशी करतील?

बबनच्या पायाला भिंगरी आहे. पहाटे शेत, मग बाजार, मग कोणाच्या जमिनीची मोजणी, कोणाची आजारी म्हैस. मुलगा पुण्याला नोकरीवर. घरात माणसं दोन, त्यातलं एक सदा बाहेर. त्याला बाकावर पाच मिनिटं बसवायचं तर दुसरी काही सोय नव्हती. तो "मोडला" म्हणून गुरकावत यायचा, त्या गूळ-पाणी आणायच्या आणि उंबऱ्यात टेकायच्या. मी कितीदा तरी पाहिलं आहे. पाच मिनिटं म्हणता म्हणता त्यांची कोंबड्यांवरून, पावसावरून, मुलाच्या फोनवरून बोलणी चालायची आणि तांब्या रिकामा झाला तरी बबन तो हातात धरून बसायचा.

मी बाहेर आलो. थोड्या वेळानं बबनही आला आणि स्टिअरिंगमागे बसला. किल्ली लावली, पण फिरवेना.

"बबन, माझी रजा," दिघे म्हणाला. आवाजात आता राग नव्हता, विनवणी होती.

बबन समोरच्या काचेतून भाताकडे बघत राहिला. गरवं भात अजून हिरवटपिवळं उभं होतं. मग हळू म्हणाला, "तिनं विचारल्याबिगर मी आजवर कुठं गेलोच नाय रं. दरवेळी इचारती, दरवेळी मी माघारी येतो, अन मंग जातो. अन गेलो की परत येतो. हे असं न इचारता, तेपन इतक्या लांब…"

रघू म्हणाला, जा आणि सांग तिला विचार म्हणून, त्यात काय एवढं. बबननं त्याच्याकडे असं पाहिलं की रघू भाकऱ्यांचं गाठोडं नीट करायला लागला. सगळ्या गावाला भोंग्यावरून तंबी दिलेला माणूस बायकोला कोणत्या तोंडानं सांगणार?

तुमच्या जिवाला घोर नको म्हणून मधेच सांगून टाकतो. आम्ही नेपाळ पाहिलं. पोखऱ्याच्या तळ्याकाठी सकाळी धुकं सरलं आणि समोर तो पांढरा डोंगर उभा राहिला, तेव्हा दिघ्याला रडू आलं. सोनौलीच्या हद्दीवर साहेबानं कुठं जाणार म्हणून विचारलं आणि बबननं छाती फुगवून उत्तर दिलं, कारण चहा झालेला होता. आणि गरवं भात कापायच्या आत आम्ही घरी होतो. पण त्या सकाळी यातलं काहीही घडण्याचं लक्षण दिसत नव्हतं.

बबननं अखेर किल्ली फिरवली. इंजिनानं दोन आचके दिले. जीप फाटकातून बाहेर पडली, इतक्या सावकाश की बाजूनं चालणारी कोंबडी आमच्या पुढे गेली. बबनची नजर रस्त्यावर नव्हतीच, आरशावर होती. विहीर आली. येसूकाका पंच्यातून काहीतरी पुटपुटले. आम्ही वळणाला लागणार, तेवढ्यात मागून चपलांचा फटफट आवाज आला.

आरशात वहिनी दिसल्या. एका हातात सूप तसंच, तांदूळ वाटेवर सांडतायत, पदर खांद्यावरून घसरलाय आणि सगळं मुकं गाव वळून त्यांच्याकडे बघतंय. बबननं ब्रेक असा मारला की आम्ही तिघं एकमेकांवर आपटलो. त्याचा हात आधीच रिव्हर्स गियरवर गेला होता. वहिनी खिडकीशी पोचल्या. धापा टाकत होत्या. आधी त्यांनी दिघ्याकडे पाहिलं, जणू त्याच्या रजेची माफीच मागत होत्या, आणि मग नवऱ्याकडे.

"गिळून गिळून पोटात दुखाय लागलं माज्या. अवो, कुठं चाललाव?"