एक्केचाळीस गतिरोधक

सुसंस्कृत समाजात प्रत्येकाला मनापासून वाटतं की बाकीच्यांनी जरा सावकाश जावं. या उदात्त भावनेची लेखी दखल घेणारी नगरपालिका म्हणजे आमची. शेजारच्या महानगरात माणसं नुसती धावतात. आमच्याकडे अर्ज करतात.

मी खिडकी क्रमांक तीनवर बसतो. गतिरोधकाचे अर्ज माझ्याकडे. अर्ज सुटसुटीत आहे: नाव, घर क्रमांक आणि 'इतरांच्या वेगामुळे होणारा त्रास' (तीन ओळी, पुरवणी जोडता येते). आमचा मुख्य रस्ता सहाशे मीटरचा. त्यावर एक्केचाळीस गतिरोधक आहेत. शाळेसमोर एकही नाही, कारण मुख्याध्यापिकाबाई तोंडीच सांगत राहिल्या. रस्त्यावरचे अपघात शून्यावर आलेत आणि कंबरदुखीचे पट्टे विकणारी दोन नवी दुकानं उघडलीत.

एक्केचाळिसावा गतिरोधक टेलरमास्तरांचा. त्यांचं घर रस्त्याच्या अगदी शेवटी. अकरा महिने ते खिडकीशी येत होते. मंजुरी मिळाली त्या दिवशी त्यांनी माझी पँट फुकट सैल करून दिली (ही लाच नव्हे; माप मीच चुकीचं दिलं होतं).

पुढच्याच महिन्यात त्यांची आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळ महानगरात, म्हणजे अख्खा रस्ता ओलांडून पलीकडे. पहिला दणका घरासमोरच बसला. ॲम्ब्युलन्सला सहाशे मीटर जायला एकोणीस मिनिटं लागली. म्हातारी प्रत्येक उंचवट्यावर "आई गं" म्हणत होती. विसाव्या दणक्यानंतर तिने तेही सोडलं. ऐकून मला वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर खिडकीत.

"साहेब, सगळे उखडून टाका. आजच्या आज!"

"ज्याच्या दारात आहे त्याची ना-हरकत लागते, मास्तर. प्रत्येकाकडून एक, अशी एक्केचाळीस पत्रं आणा."

मास्तर तीन आठवडे दारोदार फिरले. सगळ्यांनी आईची चौकशी केली, काहींनी डोळेही पुसले. आणि चाळीसच्या चाळीस जणांनी एकच सांगितलं, "बाकीचे खुशाल काढा हो. आमचा तेवढा राहू द्या, घरात लहान मूल आहे." (काहींच्या घरातलं लहान मूल गेल्या वर्षी निवृत्त झालं.) मी चाळीस नकार नियमाप्रमाणे दाखल करून घेतले.

एक्केचाळिसावा कागद मास्तरांचा स्वतःचा. तो त्यांनी मान खाली घालून सरकवला. त्यावर लिहिलं होतं: 'हरकत आहे. आईला घरी आणलं आहे. गाड्यांच्या आवाजाने तिची झोप मोडते. दारावरून गाड्या सावकाश जाव्यात.'

मी शिक्का मारला. त्रास तीन ओळींतच बसला होता, पुरवणी लागली नाही.

तुम्हाला मास्तरांचं हसू येत असेल. येऊ द्या. पण तुमच्याही दारात एखादा गतिरोधक असेलच. ना-हरकतीचा हा कोरा कागद घ्या. पेन नसेल तर माझं घ्या. लिहिताय ना?

नाही? मग जरा बाजूला व्हा, मागे रांग वाढतेय.