ऐंशीच्या वेगातली थरथर

विज्ञानातले मोठे शोध एकांतात लागतात, असं म्हणतात. गावंडेकाकांच्या शोधाला मात्र डाव्या सीटवर कायम एक साक्षीदार लागायचा. गाडीनं ऐंशीचा वेग घेतला की स्टिअरिंग थरथरतं, असं त्यांचं म्हणणं होतं. बडनेरा मागे पडलं की ते शेजारच्याला फर्मावत, "बोट ठेव. दाबू नको, नुसतं ठेव. नाडी पाहतात तसं. लागते का?"

मला लागायची. अमरावतीच्या आमच्या कॉलनीत या प्रश्नावर दोन तट होते. ज्यांचं अकोल्याला, म्हणजे काकांच्या गॅरेजच्या गावी, काही काम निघे, त्यांना थरथर अगदी स्पष्ट जाणवे.

काका पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. "आधी निदान, मंग इलाज," हे त्यांचं पालुपद. अडचण एवढीच की निदान ते घरूनच करून नेत. अकोल्यातल्या इमरानभाईच्या गॅरेजात ते पेशंटच्या नातेवाइकासारखे नव्हे, मुंबईहून बोलावलेल्या सर्जनसारखे उतरत. त्यांनी टाय रॉड सांगितला, टाय रॉड बदलला. मग टायर बदलले. मग अलाइनमेंट झाली. थरथर होती तिथंच. इमरानभाई दर वेळी विचारी, "साहेब, गाडी कच्च्यात घालता का?"

"नाही. फक्त हायवे," काका सांगत. सूर असा, की जणू कोणी त्यांच्या चारित्र्याची चौकशी केली.

हा सगळा चेष्टेचाच विषय होता. मग पुण्याहून त्यांच्या मुलाचा, प्रशांतचा फोन आला. "बाबा, स्टिअरिंग नाही थरथरत, तुमचे हात थरथरतात. दिवाळीत येतो, तेव्हा गाडी विकून टाकू."

त्या संध्याकाळी काकांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. "पाहा बरं. हालून राह्यले का?"

नव्हते हलत. म्हणजे, वयाच्या मानानं नव्हते.

"गाडी गेली तं मी जाईन कसा?" ते म्हणाले. कुठं, ते बोलले नाहीत. मी समजलो, गॅरेजात.

काकू मागच्या उन्हाळ्यात गेल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन अकोल्याच्या पलीकडे, तेल्हाऱ्याकडच्या घरच्या शेतात झालं. तेरवीला प्रशांतनं त्या जागी चबुतरा बांधायचा विषय काढला, तेव्हा काकांनी भर मांडवात भाषण दिलं. माणूस गेलं की संपलं, राख मातीत मिसळली, आता सिमेंट ओतून पिकाची जागा अडवणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे, वगैरे. पंगतीत कोणाला घास गोड लागला नाही. मला भाषण आवडलं होतं.

सप्टेंबरात आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. या वेळी काकांचा संशय सस्पेन्शनवर होता. इमरानभाईनं तो ऐकलाच नाही. सरळ चाक खोलून उताणं केलं.

रिमच्या आतल्या अंगाला, एकाच बाजूला, काळ्या मातीचा जाड थर वाळून बसला होता.

"हे पाहा. चाक एकीकडून जड झालं. थरथरंनच ना बाप्पा! साहेब, हे वावरातली माती हाये."

"हायवेवर उडाली असंल."

"हायवेवर पऱ्हाटीचं पान बी उडते का?" इमरानभाईनं मातीतून कपाशीचं एक चुरगळलेलं पान ओढून काढलं.

काकांनी पान त्याच्या हातातून काढून घेतलं. मी मात्र खुशीत होतो. हात निर्दोष सुटले होते. मी तिथूनच प्रशांतला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून काकांच्या हातात दिला. "सांगा, दोष गाडीतच होता."

"रिममधी माती निघाली," काका म्हणाले.

"कुठली माती, बाबा?"

"आपल्या वावरातली. शनिवारी जातो मी. पांदणीच्या कच्च्या वाटेनं, धुऱ्याच्या बांधापर्यंत."

"कशाला?"

काका चाकाकडे पाहत राहिले. "जागा पाहाले. वावर बटईनं देलं, त्या कास्तकारानं सारं नांगरून टाकलं ना. आता मले नेमकी जागाच सापडून नाही राह्यली. कधी वाटते लिंबाजवळ, कधी वाटते आणखी खालतं. गुडघ्यानं चालवत नाही, म्हणून गाडीच घालतो धुऱ्याधुऱ्यानं. फिरतो. पाहतो."

 मग पुण्यात इतकी वर्षं काढलेला प्रशांत म्हणाला, "मले काऊन नाई सांगितलं, बाबा?"

"भाषण देलं होतं ना," काका म्हणाले.

इमरानभाईनं पेचकसानं माती खरवडली आणि झाडूनं नालीत लोटली. चारही चाकं आतून धुतली, बॅलन्सिंग केलं. परत येताना मूर्तिजापूरच्या पुढं काकांनी ऐंशीचा वेग गाठला. स्टिअरिंग जागचं हललं नाही. त्यांनी मला बोट ठेवायला सांगितलं नाही. गाडी विकायचं प्रशांतनं रद्द केलं.

पुढच्या शनिवारी तेल्हाऱ्याकडे जोराचा पाऊस झाला. रविवारी गाडी पुन्हा थरथरत होती.