नाण्याचा खराब फोटो

ते नाणं परत पाठवायचं क्लेमसाहेबांनी ठरवलं, तेव्हा त्यांना वाटलं होतं की हे दहा मिनिटांचं काम आहे. (कुठल्याही कामाला किती वेळ लागेल हा त्यांचा अंदाज आजवर एकदाही बरोबर आलेला नाही. तरी अंदाज बांधण्याचा उत्साह दांडगा.)

क्लेमसाहेब हे त्यांना बायकोने दिलेलं नाव. एरवी ते विमा कंपनीत साधे कारकून. लोक आपापल्या चेपलेल्या गाड्यांचे फोटो पाठवत आणि हे भिंग लावून ते बघत, मग 'पाठवलेल्या फोटोंत नुकसान स्पष्ट दिसत नाही' असा शेरा मारून परत धाडत. त्यामुळे जगात कोणीही आपल्याला फोटो दाखवून फसवू शकणार नाही, अशी त्यांची ठाम समजूत झाली होती. याच समजुतीवर ते इंटरनेटवरून जुनी नाणी मागवत.

हे नाणं चांदीचं होतं. चांदीच्या नाण्याला वर्षानुवर्षं हवा लागली की त्यावर रंग चढतो, त्याला नाणेवाले टोनिंग म्हणतात. रंग देखणा असला तर नाण्याची किंमत वधारते. नसला तर नाणं काळं पडलं एवढंच म्हणायचं. वेबसाइटवरच्या फोटोत नाण्याच्या कडेला निळा, त्याच्या आत जांभळा आणि मधल्या राजाच्या गालावर सोनेरी रंग होता. पाकिटातून मात्र तव्याचं बूड निघालं.

बायको रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायची. तिने नाणं खिडकीपाशी नेऊन पाहिलं.

"रंग काळपट. चमक आढळली नाही. नाकाची झीज झालेली आहे," ती म्हणाली. "अहो, हे परत पाठवा. गेलं तर ठीक. नाही गेलं तर आतल्या खोलीतलं टेबल बाबांना द्यायचं आणि तुमची नाणी बंद. ठरलं?"

"ठरलं!" क्लेमसाहेब तावातावाने म्हणाले आणि लगेच पस्तावले. त्या टेबलावर त्यांचं भिंग होतं, दिवा होता, मऊ हातमोजे होते. तिथे बसलं की ते कोणाचे कारकून नसत. घरातली तेवढीच एक जागा अशी होती, जिथे त्यांचा शब्द शेवटचा असे. (तिथे दुसरं कोणी फिरकत नसे, हे त्याचं मुख्य कारण.)

आणि 'बाबा' म्हणजे सासरेबुवा. आपला फोटो स्टुडिओ बंद करून ते लेकीकडे राहायला आले होते. त्यांचे दिवे, छत्र्या आणि तिपाया पॅसेजमध्ये पडून होत्या, आणि येताजाता सगळ्यांच्या नडग्या फोडत होत्या.

दुकानदाराची अट सोपी होती. वस्तू वर्णनासारखी नसेल तर तिचे फोटो आज संध्याकाळपर्यंत पाठवा. क्लेमसाहेबांनी मोबाइलवर फोटो काढून पाठवले. हात हलल्यामुळे राजाला दोन नाकं आली होती. तासाभरात उत्तर आलं: 'पाठवलेल्या फोटोंत दोष स्पष्ट दिसत नाही.'

क्लेमसाहेबांनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. हे वाक्य वाचायला इतकं संतापजनक असतं, हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं होतं. बऱ्याच गाडीवाल्यांनी फोन करकरून सांगितलं होतं.)

शेवटी नाइलाजाने ते सासरेबुवांकडे गेले.

"बाबा, एक फोटो काढून द्याल का?"

सासरेबुवांचा चेहरा असा उजळला की क्लेमसाहेबांना उगीचच अपराधी वाटलं. पाहता पाहता टेबलावरचं भिंग खाली गेलं, काळी मखमल अंथरली गेली, दोन दिवे उभे राहिले.

"फक्त नाणं जसं आहे तसं दिसलं पाहिजे," क्लेमसाहेब म्हणाले.

"जसं आहे तसं?" सासरेबुवा दुखावले. "जावईबापू, इतकी वर्षं स्टुडिओ चालवला, जसा आहे तसा एक माणूस तिथून बाहेर पडला नाही. तुमच्या लग्नातला फोटो आठवा. त्यात तुम्हाला हनुवटी आहे."

त्यांनी एक दिवा जरा तिरपा केला आणि बटण दाबलं. पडद्यावर नाणं उमटलं. निळी कड, जांभळं कडं, राजाच्या गालावर सोनं.

"म्हणजे आहेत की हो रंग!" बायको म्हणाली.

"असे तिरपे बघितले तर आहेत!" क्लेमसाहेब ओरडले. "मी काय जन्मभर टेबलाखाली मान घालून बघत बसू? बाबा, दिवा बंद करा."

दिवा बंद केला. खिडकीच्या उजेडात राजा गंभीर आणि विचारी दिसू लागला. मग नाणं न्हाणीघरात नेलं, तिथल्या मरतुकड्या ट्यूबखाली. तिथे राजाच्या नाकाची झीजसुद्धा खानदानी वाटायला लागली.

"बाबा, पाया पडतो, एक तरी खराब काढा हो!"

"खराब कसा काढतात तेच मला येत नाही," सासरेबुवा कळवळून म्हणाले. "तुम्हीच काढून पाहा."

क्लेमसाहेबांनी काढला. राजाला पुन्हा दोन नाकं आली. इकडे संध्याकाळ होत आली. घरात स्पष्ट फोटो होते ते फक्त सासरेबुवांचे, तेव्हा त्यांतलाच त्यातल्या त्यात वाईट निवडून, सोबत चांगली लांबलचक तक्रार लिहून तो पाठवला.

उत्तर चटकन आलं. 'फोटोत कोणताही दोष दिसत नाही. वस्तू वर्णनापेक्षा सरस आहे. परतीची विनंती नामंजूर. ता.क.: हा फोटो कोणी काढला? आमच्याकडे बरीच नाणी पडून आहेत.'

टेबल गेलं. क्लेमसाहेबांना मनापासून वाईट वाटलं, पण ते दाखवायलाही जागा उरली नव्हती. दुकानदाराकडून खोकी येऊ लागली, सासरेबुवा शीळ घालत कामाला बसू लागले, आणि सुट्टीच्या दिवशी दिवा धरायचं काम जावयाकडे आलं.

"काय हे नाणं!" दिवा धरून क्लेमसाहेब फणफणत. "कोणीतरी पावडरीने घासलंय. हे ओरखडे बघा. वर नवा रंग चढवलाय. असलं कोण घेतं?"

"हात स्थिर ठेवा," सासरेबुवा म्हणत.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत क्लेमसाहेबांनी सहज वेबसाइट उघडली. नुसती बघायला. आणि तिथे त्यांना एक नाणं दिसलं. काय त्याचा रंग, काय त्याचं तेज! तज्ज्ञाच्या नजरेने त्यांनी फोटो मोठा करून कडा पाहिल्या, झीज पाहिली. ओरखडा कुठेही नव्हता. रंग शंभर टक्के नैसर्गिक. शब्द दिला होता खरा, पण असं नाणं पुन्हा मिळणार नव्हतं. त्यांनी बटण दाबलं.

पार्सल आलं तेव्हा ते नेहमीच्या खोक्यांपैकीच समजून सासरेबुवांनी फोडलं.

"अरेच्चा! हे तर आपण परवाच काढलं. परत का पाठवलं?" त्यांनी पाकिटावरचं नाव वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "जावईबापू, अहो, तुम्ही तर दिवा धरून उभे होतात!"

बायको येईपर्यंत हे नाणं घराबाहेर गेलंच पाहिजे, एवढंच क्लेमसाहेबांना कळत होतं. त्यांनी घाईघाईने दुकानदाराला फोन लावला.

"परत घेऊ की," दुकानदार म्हणाला. "फक्त दोष दिसेल असा एक स्पष्ट फोटो पाठवा."

क्लेमसाहेबांनी मान वळवली. सासरेबुवांनी मखमल झटकून अंथरली होती आणि ते दिव्याची मान वाकवत होते.

"आणा ते इकडे," ते उत्साहाने म्हणाले. "परवा डावीकडून उजेड जरा कमी पडला होता. आता बघा कसं काढतो!"