गोंड्याचे सात वेढे

बंद पडलेल्या गाडीला धक्का मारणारी माणसं बालाजी सरांना मनापासून आवडत नसत. "धक्का द्यायला शिक्षण लागत नाही," असं ते वर्गात सांगत. "कारण शोधायला लागतं." रेणापूरजवळच्या शाळेत सतरा वर्षं ते 'विद्युतधारा' हा धडा शिकवत होते, त्यामुळं विजेशी आपले घरोबाचे संबंध आहेत असा त्यांचा समज होता.

म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मोटरसायकलचं बटण दाबलं आणि गाडी हूं का चूं करेना, तेव्हा सर घाबरले नाहीत. उलट त्यांना जरा बरंच वाटलं.

तनुजा, म्हणजे त्यांची बायको, मात्र घाबरली. लातूरला अंगणवाडी पर्यवेक्षिकेची परीक्षा होती आणि साडेनऊला केंद्राचं फाटक बंद होणार होतं. दोन वर्षं तिनं भाकरी थापता थापता चुलीमागच्या भिंतीवर सनावळ्या चिकटवून पाठ केल्या होत्या. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची परीक्षा. ती म्हणाली, "अहो, सात चाळीसची यष्टी हाय. मी तिनंच जाते."

"यष्टीत उभं राहून पेपरला जाणार का? पाच मिनिटं थांब. सोडतो मी तुला."

आता ही गाडी बंद का पडली, याचा अंदाज सरांना होता, पण तो त्यांना बोलून दाखववत नव्हता. त्यांचे वडील ग्यानोबा, म्हणजे आबा, यांनी आदल्या दिवशी गाडीचा पोळा केला होता.

गोठ्यातली देवणी बैलांची जोडी गेल्या साली विकली. आता नांगरट ट्रॅक्टरनं होते आणि ग्यानोबांच्या दुखऱ्या गुडघ्यांना रानापर्यंत ओढून न्यायला कोणी उरलं नाही. तेव्हापासून म्हातारा त्या मोटरसायकलीकडं सवतीसारखा बघायचा. पण काल पोळ्याला काय मनात आलं कोण जाणे, गाडी बोअरवर नेऊन नळीनं धो धो धुतली. हँडलच्या टोकांना शिंगांसारखं वार्निश लावलं, हेडलाइटसमोर पुरणपोळीचं ताट धरलं. आणि शेवटी ट्रंकेतून विकलेल्या जोडीतल्या बांड्या बैलाचा लाल गोंडा काढून डाव्या मुठीला, क्लचच्या दांडीपाशी, सात वेढे देऊन बांधला. वर्षभरात आबा पहिल्यांदाच हसलेले सरांनी पाहिले होते.

हॉर्न वाजत होता. दिवा लागत होता. क्लच दाबून बटण दाबलं की तेवढी शांतता. "बॅटरी शाबूत आहे," सर जाहीरपणे म्हणाले. त्यांनी खिशातला खडू काढला आणि ओट्याच्या फरशीवर सर्किट काढायला घेतलं.

शेजारचा मारोती दात घासत आला. "सर, धक्का देऊ का?"

"मारोती, धक्क्यानं गाडी चालू होते. कारण कळत न्हाई."

"पन चालू तर होतीय," मारोती म्हणाला आणि गुळणी करायला गेला.

सर्किट पूर्ण झालं तेव्हा सात चाळीसची यष्टी दारावरून गेली. तनुजानं तिच्याकडं पाहिलं, मग खडूच्या रेघांकडं पाहिलं. ती बोलली असती तर सरांना सोपं गेलं असतं.

मग सीट निघाली. साइडचं झाकण निघालं. प्लग पुसून झाला. नारळ, बेगड, झेंडूचा हार, सगळं सरांनी उतरवून ठेवलं. फक्त गोंड्याला हात लावला नाही. बांड्याची ती एवढी एकच वस्तू घरात उरली होती आणि आबा ओट्यावर बसून बघत होते. सर त्या गोंड्याच्या बाजूबाजूनं काम करत राहिले.

सव्वाआठला बॅटरीचे नट आवळताना पान्याचं दुसरं टोक गाडीच्या सांगाड्याला लागलं. चर्र झालं, एक ठिणगी उडाली आणि हॉर्नही गेला, दिवाही गेला. आता मारोतीच्या धक्क्याचाही उपयोग उरला नव्हता.

"फ्यूज," सर म्हणाले. डबीत एक जादा फ्यूज होता, तो बसवला. दिवा आला. बटण दाबलं. पुन्हा शांतता.

तेव्हा मात्र सरांच्या तोंडून निघून गेलं, "इतकं पाणी कुणी मारतं का गाडीवर? बैल हाय का ती?"

ग्यानोबा सावकाश उठले, गाडीपाशी आले. "न्हाई बाबा, बैल न्हाई," ते म्हणाले. "चुकलंच माझं." त्यांनी गोंड्याचे सातही वेढे सोडले, गोंडा मुठीत धरला आणि आत निघून गेले.

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तनुजा तोंड फिरवून पदरानं डोळे पुसत होती. तिची परीक्षा गेली, बापाचं मन मोडलं आणि फरशीवरचं सर्किट तेवढं बिनचूक होतं. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी क्लच ओढला, बटण दाबलं.

गाडी सुरू झाली.

सर वाकून दांडीच्या मुळाशी बघू लागले. तिथं एक बारीक टिकली असते. क्लच ओढला की ती बाहेर येते आणि मगच सेल्फ-स्टार्टरला वीज मिळते. रात्रभर ती टिकली गोंड्याच्या दोऱ्याखाली दबून होती. तनुजाही वाकली. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

आतून आबांचा आवाज आला, "काय झालतं रं?"

सतरा वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस म्हणाला, "फ्यूज गेलता, आबा. तुमच्या पाण्याचा काही संबंध न्हाई. मीच उगं बोललो."

फाटक बंद व्हायला चार मिनिटं असताना तनुजा आत गेली. पेपर बरा गेला. परत येताना ती मागून एवढंच म्हणाली, "आबांना सांगू नका हां." सर म्हणाले, "येडी का तू."

घरी आले तर ग्यानोबा दारातच उभे. हातात गोंडा. गाडी थांबायच्या आत तो त्याच जागी, त्याच सात वेढ्यांनी बांधून झाला. वर एक गाठ जास्त. "फ्यूजच होता म्हनलास, मग असू दे," ते म्हणाले आणि टाकीवर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली.

तेव्हापासून बालाजी सर रोज सकाळी गाडी ढकलत मारुतीच्या देवळाच्या पारापर्यंत नेतात. तिथं वळणाआड गोंडा सोडून आरशाला अडकवतात, गाडी सुरू करतात आणि शाळेला जातात. संध्याकाळी त्याच पाराशी थांबून सात वेढे आणि वरची गाठ पुन्हा बांधतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "बॅटरी वाचवायलो."

ओट्यावरून ग्यानोबा हे रोज बघतात. परवा मारोतीला सांगत होते, "पोरगं लई शिकलं बघ. पन गाडीला धक्काच मारावा लागतो."

निकाल लागायचा आहे. लागला की तनुजा कागदपत्रं घेऊन यष्टीनं लातूरला जाणार आहे.