पेशकारकाकांच्या घरचे दोन मतदार

१२ नोव्हेंबर १९६१, रविवार. फराळाचे रिकामे डबे घासून माळ्यावर चढवायचे होते. ते तसेच ठेवून मी मतदारांची यादी घेऊन बसले. आमच्या आळीची यादी घरोघर जाऊन तपासायचं काम या खेपेला माझ्याकडं आलं होतं. मुलींच्या शाळेतल्या बाईंना बायका नावं सांगतील, पुरुषाला सांगणार नाहीत, असा कचेरीचा हिशेब. यादी सोमवारी द्यायची होती. पहिलं पान उलटते न उलटते तोच दारातून आवाज आला.

"बाई, वरच्या अंगाचे आप्पा गेले. दाखल का खारीज?"

"काका, त्यांना जाऊन चार दिवस नाही झाले."

"मुद्दत उद्याची हाय. यमाला काय, त्याला मुद्दत न्हाई."

हे पेशकारकाका. नाव अनंतराव. निजामाच्या राज्यात तुळजापूरच्या तहसिलीत साहेबापुढं कागद ठेवायचं काम त्यांच्याकडं होतं, त्याला पेशकार म्हणत. निजाम गेला, हैदराबाद विलीन झालं, साहेब बदलले, कागदांची भाषा उर्दूची मराठी झाली, पेशकार मात्र त्याच खुर्चीवर. पुढं निवडणुका आल्या आणि मतदारयादीचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. दोन वर्षांपूर्वी कचेरीनं त्यांना सोडलं. त्यांनी यादीला सोडलं नाही.

माणूस मेला की दहाव्याच्या आत पेशकारकाका त्या घरी हजर. खिशात नाव कमी करायचा अर्ज, लिहून तयार. रडणाऱ्या माणसाजवळ बसायचे, दोन मिनिटं गप्प राहायचे आणि हळूच म्हणायचे, "वाईट झालं. सही इथं करा." घरात कुणी आजारी असलं की बायका त्यांना बघून दार ओढून घेत. "आला बाई यमाचा कारकून," असं माझी शेजारीण त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची. ते ऐकायचे आणि मान डोलवायचे. कारकून म्हटल्याचा त्यांना राग नव्हता.

लग्नघरीही तेच. शेजारणीच्या मुलाचं लग्न झालं, तेव्हा नव्या सुनेनं वाकून नमस्कार केला. आशीर्वाद द्यायचा सोडून हे विचारतात, "एकवीस पूर्ण का?"

"अठरावं लागलंय तिला," सासूबाई फणकारल्या.

"काय सांगता वैनी! चेहऱ्यावरून तर मतदार वाटते."

त्या घरी पुढं वर्षभर त्यांना चहा मिळाला नाही.

मतदारसंघाबद्दल ते लग्न झालेल्या लेकीबद्दल बोलावं तसं बोलत. "जागा आपली तीच. पण सासरं तीन झाली बघा. पयलं हैदराबाद. तिथं जरा रुळतीय तंवर उचलली अन् दिली मुंबईला, गुजरात्यांच्या एकत्र कुटुंबात. आता कुठं महाराष्ट्राचा स्वतंत्र संसार मांडलाय." सोलापूरहून देवीला आलेले यात्रेकरू बसमधून उतरले की हे त्यांना गाठत. "सोलापूरचे का? तुमचा आमदार पयल्यापासून मुंबईचा. आमचा उशिरा आला. तामलवाडीवरून आलात न्हवं? तिथंच आपलं राज्य बदलायचं." त्या बिचाऱ्यांना नारळ कुठं मिळतो तेवढं हवं असे.

मतदारसंघाच्या हद्दी बदलायच्या, तेव्हा कुठलं गाव आलं आणि कुठलं गेलं, हे त्यांना तोंडपाठ. लोहाऱ्याची बहीण भाऊबिजेला आली, तर माझ्याशी ओळख करून देताना म्हणाले, "ही आमची धाकटी बहीण. मतदारसंघ वेगळा." बहीण कपाळावर हात मारून हसली. म्हणाली, "बाई, वर्षातनं एक दिस येते मी. तेवढ्यात बी दादा मला हद्दीबाहेर घालतोय." दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं ती गेली. काका स्टँडवर पोचवायला गेले होते. येताना त्यांच्या हातात तिनं दिलेला चिवड्याचा डबा होता आणि वाटेत भेटेल त्याला ते चिवडा देत होते. एकट्याला संपत नाही म्हणाले.

निवडून कोण येतो याचं मात्र त्यांना काही नव्हतं. "आमदार पाच वर्सांचा. यादी कायमची." एका उमेदवाराचा माणूस त्यांच्याकडं मत मागायला आला, तर यांनी त्याचंच नाव शोधायला घेतलं. ते कुठल्याच यादीत नव्हतं. तासभर बसवून त्याचा अर्ज भरून घेतला. तो माणूस मत मागायचं विसरून गेला.

तर त्या रविवारी सकाळी काकांनी माझ्याशेजारी बसून आळीतली सगळी मेलेली माणसं मला धडाधडा सांगितली. मी नावापुढं खुणा करत गेले. काम झटक्यात झालं. फक्त त्यांच्या स्वतःच्या घराचं पान आलं, तेव्हा त्यांनी दोन पानं एकदम उलटली. मी ते बघितलं.

दुपारी मी त्यांच्याकडं गेले. नियमच होता, प्रत्येक घरात जाऊन विचारायचं. दोन खोल्या. चुलीपाशी एक ताट, एक तांब्या. परातीत एका माणसाचं पीठ.

"काका, या घरात मतदार किती?"

"दोन."

मी ताटाकडं बघितलं. त्यांनीही बघितलं.

"यादीत दोन हायत," ते म्हणाले.

यादीत होतं: गोदावरीबाई अनंतराव पेशकार. आम्ही सगळ्या त्यांना काकू म्हणायचो. त्यांचं नाव मला यादीतच पहिल्यांदा कळलं. काकूंना जाऊन पाच वर्षं होऊन गेली होती.

"काका, तुम्ही दुसऱ्यांच्या दारात दहाव्याच्या आत जाता."

"जातो."

"मग हे?"

त्यांनी परात बाजूला सारली. मग त्यांनी जे सांगितलं, ते मी त्यांच्याच क्रमानं लिहिते.

पहिल्या निवडणुकीची यादी या आळीत त्यांनीच केली होती. बायका नाव सांगेनात. कुणी म्हणे लिहा अमक्याची बायको, कुणी म्हणे तमक्याची आई. यांनी तसंच लिहून घेतलं. स्वतःच्या घरापाशी आले, तेव्हा लिहिलं, 'अनंतराव पेशकार यांची पत्नी'.

"तुम्हाला तर नाव माहीत होतं!"

"मीच ठेवलेलं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं. नाव घ्या म्हणून बाया मागं लागल्या, तवा मी पळून परसात गेलो. पुढं कधी उच्चारायचं काम पडलं न्हाई. 'अगं' म्हणलं की ती यायची."

मग वरून हुकूम आला. स्वतःचं नाव नसलेल्या बायका यादीतून काढा. यांनी काढल्या. हुकमाची तामील करताना घरची वगळावी, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. मतदानाच्या दिवशी काकू इरकली नेसून, आळीतल्या बायकांबरोबर रांगेत उभ्या. टेबलाशी यादी घेऊन बसलेले पेशकार.

"मी म्हणालो, नोंद न्हाई. ती म्हणाली, बरं. घरी गेली. संध्याकाळी आलो तर ज्वारीची भाकरी अन् शेंगांची चटणी वाढली, रोजच्यासारखी. एक शब्द बोलली न्हाई, बाई. बोलली असती तर बरं झालं असतं."

पुढच्या यादीत त्यांनी पहिलं नाव घातलं ते हे. छापून आली, तशी घरी आणली. काकूंना अक्षरओळख नव्हती. यांनी बोट ठेवून दाखवलं.

"काय म्हणाल्या?"

"एवढंसंच? म्हणाली." ते हसले. मग हसणं थांबलं. "म्हणाली, वाचून दाखवा की. मी म्हणालो, दिसतंय की, वाचायचं काय त्यात."

मतदानाच्या आधीच काकू काविळीनं गेल्या. नाव राहिलं. त्या निवडणुकीत काका यादीचं टेबल दुसऱ्याकडं सोपवून सकाळपासून संध्याकाळपर्यंत शाळेच्या फाटकाशी ताटकळत उभे होते. आम्ही हसलो होतो, म्हातारा मतदार मोजतोय म्हणून. ते काकूंच्या नावावर दुसरं कुणी मत टाकून जाऊ नये म्हणून उभे होते.

"ह्या खेपेलाबी उभा राहीन. खोटं मत पडायचं न्हाई. तुम्हाला शब्द देतो."

मला उगाच गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "यादीखाली सही माझी आहे, काका. मी काकूंना जिवंत लिहू शकत नाही. सकाळी शाळेच्या आधी मी कचेरीत जाणार आहे. तुम्ही अर्ज दिलात तर तुमच्या हातानं होईल, नाहीतर मला करावं लागेल."

"तुमचं बरोबर हाय," ते म्हणाले आणि परात पुढं ओढून पीठ मळायला लागले. मी घरी येऊन डबे घासले.

दुसऱ्या दिवशी मी अंगण झाडत असताना ते आले. धुतलेलं धोतर, हातात अर्ज. अक्षर नेहमीसारखं सुरेख. घराचा नंबर, मृत्यूची तारीख, नातं, खाली सही, सगळं भरलेलं होतं. फक्त नावाची जागा कोरी होती.

"तेवढं तुम्ही भरा," ते म्हणाले. "यादीत हायच."

यादी माझ्या पिशवीत होती. मी ती काढली नाही. केरसुणी कोपऱ्यात ठेवली, हात धुतले, दौत आणि टाक आणला, ओट्यावर बसले आणि म्हटलं, "सांगा."

काकांनी रस्त्याकडं तोंड केलं. खाकरले. धोतराचा सोगा सारखा केला. तोंड उघडलं, मिटलं. मी टाक धरून बसून राहिले.

"गोदावरी," ते म्हणाले.

मला नीट ऐकू आलं होतं. तरी मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"गोदावरी," ते मोठ्यानं म्हणाले. शेजारीण दारात आली, तिला वाटलं कुणाला हाक मारली.

मी नाव लिहिलं, शाई टिपली, अर्ज यादीला जोडला. मग कचेरीत जाऊन दोन्ही दिलं, आणि घंटा व्हायच्या आत वर्गात पोचले.