तात्यांचा फळा

आमच्या गावात कुणाचं दार उघडं राहिलं तर ते हैबतीतात्या बाहेरून लावून घेत. घरात माणसं असली तरी लावत. एकदा त्यांनी सरपंचांना सासऱ्यासकट आत कोंडलं होतं. वर ओट्यावरून ओरडले, "दार लावा म्हणून कवाधरनं सांगतोय, ऐकत न्हाई कुनी!"

मी विंझरच्या अलीकडच्या त्या वाडीत मास्तर होतो. भोर संस्थानाची शाळा देवळाच्या मंडपात भरे. मंडपाला दार नाही, हे तात्यांचं कायमचं दुखणं. बाकी त्यांना दुसरं वेड तेलाचं. काठी, नांगराची मूठ, वहाणा, सगळ्याला करंजाचं तेल. "लाकडाला त्याल पाजलं तर लाकूड जगतं," म्हणायचे. माझी खुर्चीही त्यांनी अशीच जगवली होती. चार दिवस माझ्या धोतरावरून गावात हशा पिकत होता.

त्या वर्षी भोरहून निरोप आला, आठ दिवसांनी साहेब तपासणीला येणार. शाळेत फळा नसेल तर शाळा नदीपलीकडच्या गावात जाईल. पावसाळ्यात नदीला उतार मिळत नाही, म्हणजे आमच्या वीस पोरांचं शिक्षण तिथंच बुडालं. मी चावडीवर ही गोष्ट सांगितली. सगळे माना हलवून घरी गेले. तात्या तेवढे मागं राहिले.

"केवढा पायजे?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी दोन रुंद फळ्यांचा, माझ्या खांद्याइतका लांब फळा त्यांनी बैलगाडीतून आणून भिंतीला आडवा टेकवला. करवंटीचा कोळसा भोपळ्याच्या पानांच्या रसात वाटून तो त्यांनी स्वतःच चोपडला होता. हात कोपरापर्यंत काळे. मी मोठ्या हौसेनं खडू उचलला आणि 'श्री' काढायला गेलो. खडू नुसताच घसरला.

"तात्या, तुम्ही याला तेल लावलंत," मी म्हणालो.

"न्हाई."

"अहो, चकाकतोय."

"फळ्याला येक थेंब लावला असंल तर खंडोबाची आन."

मला राग आला. आठातले दोन दिवस गेलेले, आणि हा माणूस शपथा घेतोय. मी राखेनं फळा घासला. दुपारी ऊन लागलं की लाकडातून पुन्हा तेल वर येई. मग तात्याही शेजारी बसून घासू लागले. राख, चुना, परत राख. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी त्यांनी पुन्हा काळा हात फिरवला, आणि वाळल्यावर खडू उमटला. फळ्याच्या कडेला लाखेनं बुजवलेली दोन भोकं होती. मला ती दिसली होती, पण माझं सगळं लक्ष खडूकडे होतं.

साहेब आले. त्यांनी स्वतः फळ्यावर एक गणित घातलं, ते पोरांनी सोडवलं, आणि शाळा राहिली.

ही बातमी सांगायला मी संध्याकाळी तात्यांच्या घरी गेलो. दारात घोंगडी टांगलेली. चौकटीला कडी अडकवायचा कोयंडा होता, दार नव्हतं. मग ती भोकं कशाची ते मला कळलं. फळ्याला तेल लावलं नव्हतं हे खरंच होतं. वर्षानुवर्षं तेल प्यायलं होतं ते दारानं. मला माझीच लाज वाटली.

"तात्या, अहो, घराचं दार?"

"आत काय हाय आता चोरून न्यायला?" ते चुलीपुढून उठले नाहीत. "कारभारीन होती तवा गोष्ट येगळी. म्या भायेर निघालो की आतनं रोज हाक मारायची, दार लावा. कवा इसरली न्हाई. ती गेली. आता मला म्हननारं कोन न्हाई, म्हनून म्याच समद्यास्नी म्हनतो."

मग शाळेचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गुळाचा खडा दिला. तो संपेपर्यंत आम्ही उगाच भाताच्या रोपांबद्दल बोलत बसलो.

निघताना मी घोंगडी बाजूला करून बाहेर आलो. चार पावलं गेलो असेन, आतून आवाज आला.

"मास्तर, दार लावा."

मी परत फिरलो, आणि घोंगडी दोन्ही कडांना नीट ओढून घेतली.